तरुण मंडळाची वेबसाइट: आधी चिठ्ठ्या, मग पडदा

आमच्या मंडळाची पहिली वेबसाइट जेमतेम ३ वर्षं टिकली. इंजिनिअरिंगला असलेल्या एका कार्यकर्त्यानं ती रात्री जागून बनवली होती, आणि मनापासून बनवली होती. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्यानं आपल्या कॉलेजच्या ईमेलवरून घेतला. पुढे तो पास झाला, नोकरीसाठी जर्मनीला गेला, कॉलेजचा ईमेल बंद झाला आणि मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पत्त्यावर जात राहिल्या. एके सकाळी आमच्या पत्त्यावर भलत्याच जाहिरातींचं पान उघडलं. तोच पत्ता पावतीपुस्तकांवर छापलेला होता, टेकडीवरच्या पाटीवर रंगवलेला होता. शिबिरांचे फोटो गेले, कोणत्या पावसाळ्यात कुठे किती रोपं लावली त्याच्या नोंदी गेल्या. त्या मुलाची यात काही चूक नव्हती. वेबसाइट मंडळाची असेल तर किल्ली मंडळाकडे हवी, हे आम्हा बाकीच्या १५ जणांना सुचायला हवं होतं.

पुण्यात तरुणांचे गट किती तऱ्हेचे आहेत! ढोल-ताशा पथकं, गणेश मंडळं, वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर उन्हाळ्यात झाडांना पाणी घालणारे, गडांवर श्रमदान करणारे, पालखीच्या मुक्कामात वारकऱ्यांचे पाय चेपणारे, वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेणारे. कामं निरनिराळी, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: दर तीन-चार वर्षांनी माणसं बदलतात. कॉलेज संपतं, हिंजवडीची शिफ्ट लागते, लग्न होतं, शहर बदलतं. माणूस गेला तरी वेबसाइट चालू राहावी, हे डोक्यात ठेवून खालच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. पहिल्यांदाच वेबसाइट करणाऱ्यांनी त्या याच क्रमानं घ्याव्यात. संगणकाला पहिल्या चार पायऱ्यांपर्यंत हात लावायचा नाही.

पायरी १: बाहेरचा माणूस डोळ्यासमोर आणा

बैठकीत हा प्रश्न हमखास येतो: व्हॉट्सॲप ग्रुप आहे, इन्स्टाग्राम आहे, मग वेबसाइट कशाला? प्रश्न रास्त आहे. आतल्या माणसांना वेबसाइट लागतच नाही, रविवारी कुठे जमायचं ते त्यांना ग्रुपवर कळतं. वेबसाइट लागते ती ज्याला अजून कोणी ग्रुपवर घेतलेलं नाही, त्याला.

असा माणूस कोण? आमच्या बैठकीत चार जण निघाले. लातूरहून शिकायला आलेला, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा. रविवार त्याला खायला उठतो आणि शहरात ओळखीचं कोणी नाही. कर्वेनगरच्या होस्टेलवर मुलगी ठेवलेली आई. मुलगी रात्रीच्या ट्रेकला जाते म्हणते, आणि बरोबर कोण आहे हे आईला जाणून घ्यायचंय. एका मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना क्लबहाउसमध्ये रक्तदान शिबिर घ्यायचंय. आणि पेन्शनमधून दरवर्षी थोडी रक्कम चांगल्या कामाला देणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका.

तुमचे चार जण वेगळे असतील. ते मोठ्या कागदावर लिहून बैठकीच्या खोलीत भिंतीला लावा. अध्यक्षांचं मनोगत पहिल्या पानावर हवं की नको, असा वाद सुरू झाला की कागदाकडे बघायचं आणि विचारायचं: लातूरच्या मुलाला याचा काय उपयोग? आमचे निम्मे वाद याच प्रश्नानं मिटले.

पायरी २: लोकांनी खरोखर विचारलेले प्रश्न गोळा करा

प्रत्येक कार्यकर्त्यानं आपापला फोन काढून गेल्या सहा महिन्यांत बाहेरच्या माणसांनी काय काय विचारलं ते शोधायचं आणि एका चिठ्ठीवर एक प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत, उतरवायचा. शब्द सुधारायचे नाहीत. ‘दादा, रविवारचं पाऊस असला तरी असतं का?’ हा प्रश्न तसाच लिहायचा, ‘प्रतिकूल हवामानातील कार्यक्रमाबाबत’ असं त्याचं रूपांतर करायचं नाही.

आमच्याकडे ४३ चिठ्ठ्या जमल्या. फी आहे का? मुली किती असतात? घरी कळवायला कोणाचा नंबर द्यायचा? मी नोकरी करतो, फक्त महिन्यातून एकदा आलो तर चालेल का? रोपं कुठून आणता? शेवटची बस चुकली तर? पैसे दिले तर पावती मिळते का? मला सर्टिफिकेट मिळेल का, कॉलेजात द्यायचंय. यातले बरेच प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले होते. तीच चिठ्ठी तीनदा आली तर तिन्ही ठेवा, कोणता प्रश्न किती जड आहे ते त्यावरून कळतं. मंडळाची स्थापना कशी झाली, हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता, आणि आमच्या जुन्या वेबसाइटचं पहिलं पान त्यानंच भरलेलं होतं.

पायरी ३: चिठ्ठ्यांचे ढीग लावा

ही पायरी बहुतेक मंडळं गाळतात. माझ्या मते सगळ्यांत मोलाची हीच आहे, म्हणून तिच्यासाठी एक अख्खी दुपार काढा.

आप्पा बळवंत चौकातून जाडसर कार्डपेपर आणा, पत्त्यांएवढे तुकडे कापा आणि सगळे प्रश्न त्यावर ठळक लिहून घ्या. मंडळ काय काय करतं, तेही एकेका कार्डावर येऊ द्या. दोन सारखे संच करा. खोलीत सतरंज्या अंथरून दोन गट बसवा, एकमेकांना न दिसतील असे. दोघांना सांगायचं एवढंच: जी कार्डं तुम्हाला एकत्र असावीत असं वाटतं ती एका ढिगात ठेवा आणि शेवटी ढिगाला नाव द्या. किती ढीग करायचे ते सांगायचं नाही.

एका गटात निम्मी माणसं मंडळाबाहेरची असू द्या. कोणाची बहीण, कोणाचा रूममेट, समोरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा कोणी. आतली माणसं कार्डं समित्यांप्रमाणे लावतात: वृक्ष समिती, ट्रेक समिती, निधी समिती. बाहेरच्यांना समित्या माहीतच नसतात. त्यांनी आमच्याकडे सगळे होऊ घातलेले कार्यक्रम एका ढिगात टाकले, मग ते झाडांचे असोत की रक्तदानाचे, आणि ढिगाला नाव दिलं ‘या महिन्यात’. आमच्या गटानं त्याच कार्डांचे चार ढीग केले होते. दोन्ही सतरंज्या शेजारी ठेवून पाहिल्यावर कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

‘सभासद नोंदणी’ हे कार्ड हातात घेऊन एकीनं विचारलं, ‘म्हणजे पैसे भरायचे का?’ आमच्याकडे फी नव्हतीच. त्या ढिगाचं नाव ‘आमच्यात या’ झालं. ‘उपक्रम’, ‘कार्यक्षेत्र’, ‘निधी संकलन’ हे अहवालातले शब्द अशा वेळी आपोआप गळतात.

संध्याकाळी पाच ढीग उरले: या महिन्यात, आमच्यात या, झालेली कामं, मदत करा, आम्ही कोण. हाच आमचा मेन्यू झाला. पाचाहून जास्त नावं फोनच्या पडद्यावर मावत नाहीत, आणि तुमचे बहुतेक वाचक फोनवरच असणार. सतरंजीचा फोटो काढून ठेवा. वर्षभरानं कोणी सहावं पान मागितलं की तो उपयोगी पडतो.

पायरी ४: मजकूर आधी कागदावर

वेबसाइट तयार आहे पण मजकूर यायचाय, अशा अवस्थेत कितीतरी मंडळं वर्ष काढतात. म्हणून पाचही पानं आधी वहीत लिहून, वाचून, दुरुस्त करून घ्या. पान म्हणजे त्या ढिगातल्या कार्डांची उत्तरं, तेवढंच.

पहिल्या पानावर तीन गोष्टी पुरतात: आपण काय करतो ते एका वाक्यात, पुढचा कार्यक्रम कधी आणि कुठे, आणि फोन कोणाला करायचा. आपोआप सरकणारी फोटोंची पट्टी लावू नका. ती मोबाइल डेटा खाते, आणि दुसऱ्या फोटोपर्यंत क्वचितच कोणी थांबतं.

कार्यक्रमाचं पान मात्र तपशिलानं लिहा. कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक घ्या, पुण्यातले बरेच गट तो करतात. ‘भव्य रात्रीची भटकंती, आजच नाव नोंदवा’ एवढ्यावर होस्टेलवरच्या मुलीची आई समाधानी होणार नाही. तिला हवं ते असं: कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे जमायचं, चाल कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सुरू होते आणि एकामागून एक टेकड्या चढत-उतरत सिंहगडावर संपते, चढउतार बरेच आहेत, पहिल्यांदाच चालणाऱ्यानं आधी टेकडीवर सराव करावा, बरोबर किती लिटर पाणी, कोणते बूट, विजेरी, गटात किती जण, त्यात मुली किती, म्होरक्या कोण आणि प्रथमोपचार कोणाला येतो, वाटेत मोबाइलला रेंज कुठे नसते, सकाळी परत कसं यायचं, खर्च किती आणि तो कशाचा, पाऊस जोराचा असेल तर कधीपर्यंत कळवणार. शेवटी ११२ हा आणीबाणीचा क्रमांक. हे एकदा नीट लिहिलं की पुढच्या ट्रेकला फक्त तारीख आणि नावं बदलावी लागतात.

पत्ता लिहिताना लातूरच्या मुलाला विसरू नका. ‘दत्तमंदिराच्या बोळात, जुन्या गिरणीशेजारी’ हा पत्ता पेठेत वाढलेल्यालाच कळतो. जवळचा पीएमपी बसचा थांबा किंवा मेट्रो स्थानक, तिथून किती मिनिटं चालायचं आणि नकाशाची लिंक, एवढं द्या. आषाढी वारीत हे फार जाणवतं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात असते आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दिवसांत रस्ते बंद, गर्दी तुडुंब, आणि सेवेला येऊ पाहणारा नवखा ‘नेहमीच्या जागी’ या दोन शब्दांवर तुम्हाला शोधू शकत नाही.

रक्तदानासाठी नेहमीची उत्तरं एकदाच लिहून ठेवा: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचं अंतर. अंतिम निर्णय शिबिरातले डॉक्टर घेतात, हेही लिहा.

पायरी ५: नाव आणि पत्ता

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतो. डॉट इन किंवा डॉट ऑर्गला वर्षाला साधारण पाचशे ते दीड हजार रुपये लागतात. पहिल्या वर्षाचा भाव मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणून नूतनीकरणाचा भाव आधी बघा. एका वेळी दहा वर्षांपर्यंतची मुदत घेता येते. ३ ते ५ वर्षांची घ्या, म्हणजे कार्यकारिणी बदलली तरी पत्ता शाबूत राहील.

नाव फोनवर सांगता आलं पाहिजे. रोमन लिपीत लिहिताना ज्याची दोन-तीन स्पेलिंग होतात असं नाव टाळा. एक ‘ए’ की दोन, ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, या घोळात माणसं हरवतात. ‘डॉट भारत’ हा देवनागरी पत्ता २०१४ पासून मिळतो. मराठी मंडळाला तो शोभतो, आणि मला तो आवडतो. पण काही ठिकाणच्या अर्जांत आणि ईमेलमध्ये तो अजून नीट चालत नाही, तेव्हा घ्यायचा तर जोडीला साधा पत्ताही घ्या.

आतल्या पानांचे पत्ते रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची लांबलचक माळ होते. ती पाहून लोकांना वाटतं लिंक फसवी आहे.

पायरी ६: किल्ल्या

आम्ही जे गमावलं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

सर्वांत आधी मंडळाच्या नावाचा एक ईमेल उघडा. कोणाचा वैयक्तिक नाही, कॉलेजचा नाही, कंपनीचा तर नाहीच. डोमेन, होस्टिंग (म्हणजे वेबसाइट इंटरनेटवर जिथे ठेवतो ती जागा), नकाशावरची नोंद, इन्स्टाग्राम, सगळं याच ईमेलवर. गूगलचं खातं २ वर्षं कोणी उघडलंच नाही तर ते पुसलं जाऊ शकतं, म्हणून महिन्यातून एकदा तरी कोणीतरी ते उघडायलाच हवं.

या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. पण मग ओटीपी एकाच मुलाच्या फोनवर येतो आणि तो मुलगा नेमका उत्तराखंडात हर्षिलला बर्फात असतो. यावर उपाय आहे. गूगल १० राखीव कोड देतं, प्रत्येक कोड एकदा चालतो. ते छापून घ्या. एका पाकिटात हे कोड, डोमेन कोणत्या कंपनीकडून घेतलं, मुदत कधी संपते, होस्टिंग कुठे आहे, शेवटचं बिल किती आलं, हे सगळं एका कागदावर लिहून पाकीट बंद करा आणि खजिनदाराच्या कपाटात बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवा. पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तो तीन जणांना माहीत असावा: वेबसाइट बघणारा, खजिनदार आणि मंडळातला एक ज्येष्ठ, जो पुणे सोडून जाण्याची शक्यता सगळ्यांत कमी आहे. आमच्याकडे ते काका कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाचे मालक आहेत. त्यांना वेबसाइट चालवता येत नाही, पण पासवर्डची चिठ्ठी त्यांच्या गल्ल्यात सुरक्षित आहे.

डोमेनची मुदत संपायच्या महिनाभर आधीची तारीख मंडळाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. फोनमधली आठवण फोनबरोबर निघून जाते. मुदत उलटलीच तर काही दिवस डोमेन सोडवून घेता येतं, पण त्याला जबर शुल्क पडतं, आणि त्यानंतर ते कोणीही उचलू शकतं.

पायरी ७: बांधायचं कशावर

मंडळात प्रोग्रामिंग येणारं कोणी असेल तर त्याचे हात सळसळतात, सगळं स्वतः लिहावंसं वाटतं. त्याला प्रेमानं थांबवा. त्याच्यानंतर ते कोण चालवणार?

पाच पानं आणि महिन्याला दोन-चार बदल एवढंच असेल तर गूगल साइट्स पुरतं. फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं, आणि कागदपत्र लिहिता येणारा कोणीही ते बदलू शकतो. तोटा एकच, पुढे दुसरीकडे जायचं तर सगळं हातानं उचलावं लागतं. बातम्या, अहवाल, नोंदी सतत वाढणार असतील तर वर्डप्रेस घ्या. २००३ पासून ते आहे, फुकट आहे, मराठीत वापरता येतं आणि मजकूर एका फाइलमध्ये बाहेर काढता येतो. मात्र त्याला होस्टिंगचा वार्षिक खर्च आणि नियमित अपडेट लागतं. प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेले तुकडे, जुनाट राहिले की घुसखोरी होते. प्लगइन मोजकेच घाला.

पत्त्याशेजारचं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र विकत घेऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवर एका बटणानं लागतं. ते नसेल तर ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतो.

पायरी ८: मराठी मराठीसारखी दिसू द्या

जुनी स्मरणिका वेबसाइटवर टाकायचं ठरतं, डीटीपीवाल्याकडून फाइल येते, मजकूर चिकटवला की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. कारण ती फाइल श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये आहे. तिथे अक्षर म्हणजे रोमन चिन्हावर चढवलेलं चित्र असतं. वेबसाइटला युनिकोड मजकूर लागतो, म्हणजे फोनवर टाइप करतो तसा. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण रूपांतरानंतर एकदा मोठ्यानं वाचून तपासा. जोडाक्षरं, रफार आणि ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला र नेमका तिथेच बिघडतो. मजकुराचं चित्र करून टाकणं हा उपाय नाही. ते शोधात सापडत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत. वेबसाइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी निवडा. हिंदी राहिली किंवा इंग्रजी राहिली तर नोटोसारखा फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतो, आणि आपल्या डोळ्याला ते खुपतं. मात्रा वर, उकार खाली असल्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडी अधिक ठेवा. भगव्यावर पिवळी अक्षरं उन्हात वाचता येत नाहीत. टेकडीवर उभं राहून वाचून बघा.

पायरी ९: फोटो, मुलं आणि फोन नंबर

फोनमधला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल करा, वजन ३०० केबीच्या आत आणा. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला त्या जागेची नोंदही बऱ्याचदा दडलेली असते, ती काढून टाका, विशेषतः कोणाच्या घरी काढलेल्या फोटोंतून.

वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेत असाल तर इथे दहा वेळा विचार करा. मुलांचे चेहरे आणि नावं एकत्र देऊ नका, शाळेचं नाव तर अजिबात नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आमची रीत अशी: पालकांशी समोरासमोर मराठीत बोलायचं, साध्या कागदावर सही घ्यायची, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याच्या मुलाला फोटोच्या वेळी वेगळं उभं करायचं नाही, तो फोटोच वापरायचा नाही. पाठमोरे फोटो, मातीनं माखलेले हात, वहीवरचं अक्षर, यांनीही काम कळतं.

रक्तगटांची यादी नाव आणि नंबरसकट वेबसाइटवर टाकायची हौस अनेक मंडळांना असते. भावना चांगली आहे, पण टाकू नका. मुलींचे नंबर कोणाच्याही हाती पडतात. एकच हेल्पलाइन नंबर द्या, यादी दोन जणांकडे ठेवा. नोंदणीच्या अर्जातही लागेल तेवढंच विचारा. ट्रेकसाठी रक्तगट आणि घरचा एक नंबर लागतो, आधार क्रमांक लागत नाही. ट्रेक झाला की यादी पुसून टाका.

पायरी १०: पैशाचं पान

मंडळ नोंदणीकृत नसेल तर ‘देणगी द्या’ हे बटण लावण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. नोंदणी नसलेल्या मंडळांना वर्गणी गोळा करण्यासाठी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवात हे सगळ्यांना माहीत असतं, वेबसाइट करताना विसरलं जातं. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा नको, तो कितीही प्रामाणिक असला तरी. आयकरात सवलत मिळते असं लिहायचं तर ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता आधी हातात हवी.

अमेरिकेतले जुने कार्यकर्ते मदत करू म्हणतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे, तो मूळचा पुणेकर असला तरी, २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखाली येतात आणि त्यासाठी वेगळी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. हे दोन ओळींत पानावरच लिहा. आणि गेल्या वर्षी किती आले, कशावर गेले, तो हिशोब शेजारी असू द्या. निवृत्त शिक्षिका तोच आधी वाचतात.

पायरी ११: दाखवून बघा, मग सोडा

उद्घाटनाच्या आधी पाच अनोळखी माणसं गाठा. त्यांच्याच फोनवर वेबसाइट उघडून द्या आणि सांगा, ‘या रविवारी कुठे जमायचं ते शोधा.’ मग गप्प बसा. हे फार अवघड जातं, बोट पुढे करावंसं वाटतं. करू नका. तो जिथे अडतो ती जागा लिहून घ्या. आमच्या पाचांतले तीन जण फोन नंबर शोधत पानाच्या तळाशी गेले, तिथे तो नव्हता. संध्याकाळी तिथेही टाकला.

लिंक व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर दिसणारं छोटं चित्र तपासा, १२०० बाय ६३० पिक्सेलचं असावं. फ्लेक्सवर आणि पावतीवर क्यूआर कोड छापण्याआधी तो तीन वेगवेगळ्या फोनवर वाचून बघा. छापल्यावर सापडलेली चूक महागात पडते.

त्यानंतर पाळ्या लावा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघांनी बसायचं, एक अनुभवी आणि एक नवा. झालेले कार्यक्रम ‘या महिन्यात’मधून काढून ‘झालेली कामं’मध्ये न्यायचे, सोडून गेलेल्यांचे नंबर काढायचे, सगळ्या लिंक दाबून बघायच्या, मजकुराची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही आपलं पान फुकट जपून ठेवता येतं, वर्षातून दोनदा ते करा. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. जून ते गणेशोत्सव या काळात पाळी पंधरवड्याची करा, तेव्हाच सगळ्यांत जास्त नवी माणसं शोधत येतात.

वार्षिक सभेत नवी कार्यकारिणी निवडली की हिशोबाच्या वह्यांबरोबर पाकीटही सगळ्यांसमोर उघडायचं. जुन्यानं बाजूला बसायचं, नव्यानं त्याच बैठकीत स्वतःच्या हातानं लॉगिन करून ‘आम्ही कोण’ या पानावरची नावं बदलायची, पासवर्ड बदलायचा, नवे राखीव कोड छापायचे. आमच्याकडे यंदा हे काम एका मुलीनं केलं. दोन वर्षांपूर्वी ती ‘आमच्यात या’ हे पान वाचून आली होती. नावं बदलून झाल्यावर तिनं पानावर एक वाक्य जोडलं: ‘एकट्यानं आलात तरी चालेल, पहिल्या दिवशी तुम्हाला घ्यायला थांब्यावर कोणीतरी येईल.’ थांब्यावर कोण जाणार, ते लगेच ठरलं, आणि त्या दोघांची नावं पाळीच्या कागदावर चढली.